मेंढ्याचं मुंडकं आणि नातीचं लोकप्रशासन

कारा-बुलुन, नारिन
गवतकापणी संपता संपता

मोठ्या मनाचे आमचे व्याही जुमादिल यांना, त्यांच्या घरातल्या थोरांना, सुनांना, नातवंडांना आणि गोठ्यात उभ्या असलेल्या प्रत्येक जनावराला मामबेतालीचा सलाम पोचो.

गुडघे कसे आहेत? घोडी व्याली का? राजम्याच्या शेंगा भरल्या का, की तलासमध्येही यंदा पाण्याची रडच आहे? विहीणबाईंचा रक्तदाब कुठवर चढला आहे? आमच्याकडे सगळं ठीक आहे. (ठीक काहीच नाही, पण पत्राच्या सुरुवातीला असं लिहायचं असतं, एवढं मला सातवीपर्यंतच्या शाळेनं नक्की शिकवलं.) मला रात्री छातीत धडधडतं, सकाळी पाठ धरते आणि दुपारी दोन्ही मिळून येतात. डॉक्टरीणबाई म्हणतात, काळजी करू नका. म्हणजे औषध त्यांच्याकडे नाही.

फोन केला नाही, कारण आमच्या घरात फोनवर बोललेलं भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांना स्वच्छ ऐकू जातं आणि पलीकडून तुम्हाला मात्र काही ऐकू येत नाही. गेल्या वेळी मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीचं सांगत होतो, तुम्ही दोनदा "अभिनंदन" म्हणालात. म्हणून हे पत्र शेरगाझी ड्रायव्हरच्या हाती देतो आहे. तो उघडून वाचणार नाही, कारण त्याला वाचायचा कंटाळा आहे.

विषय आपल्या दोघांचा आहे. तुमच्या लेकीची लेक, माझ्या लेकाची लेक, बेगिमाय. ती राजधानीत लोकप्रशासनात पदव्युत्तर शिकते, हे तुम्ही गावभर सांगितलंच असेल. मीही सांगितलं होतं. आता मला लोक थांबवून विचारतात, लोकप्रशासन म्हणजे काय, आणि मी खोकला काढतो. इंजिनियर म्हटलं की पूल दिसतो. जनावरांचा डॉक्टर म्हटलं की गाय दिसते. हिच्या शिक्षणात काय दिसतं? मी तिची वही उघडून पाहिली. चार चौकोन. एकात लिहिलंय बलस्थानं, दुसऱ्यात कमतरता, तिसऱ्यात संधी, चौथ्यात धोके. त्यानंतरच्या पानावर पुन्हा चार चौकोन. दोन वर्षं सरकार या पोरीला वसतिगृहात ठेवून, खाऊपिऊ घालून चौकोन काढायला शिकवतंय! आमचा गावप्रमुख कुबात एकही चौकोन न काढता गेली कित्येक वर्षं खुर्चीवर बसून आहे, आणि त्याचं बूडसुद्धा हललेलं नाही. (त्याचं काहीच हललेलं नाही, म्हणून तर कालव्याला पाणी नाही. पण तो मुद्दा वेगळा.)

तर या शिक्षणाचा शेवट असा असतो की विद्यार्थ्यानं एका गावाच्या कचेरीत जाऊन महिनाभर प्रत्यक्ष काम करायचं. मग राजधानीहून प्राध्यापक येतात, काम बघतात आणि शिक्का देतात. तो शिक्का मिळाला तरच पानगळीच्या दिवसांत होणाऱ्या सरकारी नोकरीच्या स्पर्धेला बसता येतं. पोरीला पाणी खात्यात जायचंय. लहानपणापासून तेच. इतर मुली बाहुल्यांना कपडे घालायच्या, ही अंगणात मातीचे पाट काढून कोंबड्यांना पाळीनं पाणी पाजायची. शिक्का नाही तर स्पर्धा नाही, आणि पुढच्या वर्षी म्हणे वयाची काहीतरी अट लागते. म्हणजे सगळं त्या एका शिक्क्यावर टांगलेलं. आणि तिनं कामासाठी गाव कुठलं निवडावं? आमचंच. मी म्हटलं, ये पोरी, आजोबा आहे तोवर तुला कसली भीती. व्याहीबुवा, माणसानं कधीकधी तोंड शिवून ठेवायला हवं.

आल्या आल्या तिनं कचेरीच्या दारात एक खोकं ठेवलं आणि शेजारी दोन रंगांच्या चकत्या. काम होऊन समाधान झालं तर हसऱ्या तोंडाची चकती टाकायची, नाही तर रडक्या तोंडाची. मी म्हातारीला तेव्हाच म्हटलं, हे पोरखेळ बघायला मी जगलो कशाला. आठवडाभरानं खोकं उघडलं, तर सगळी तोंडं हसरी! एक रडकं निघेल तर शपथ. पोरगी गोंधळली. गावात पाण्यावरून रोज फावडी उगारली जातात आणि सगळे समाधानी? तिला कुणी सांगावं की कुबातची आई ऊन खायला रोज त्या खोक्याशेजारीच खुर्ची टाकून बसते. त्या माउलीसमोर तिच्या पोराच्या नावानं रडकं तोंड कोण टाकणार? मीसुद्धा दोन हसरी टाकली. कुबातची आई बिचारी चांगली आहे.

हे कळल्यावर पोरीनं खोकं फेकून दिलं (त्यात आता कुबातच्या कचेरीतले लोक बटाटे ठेवतात) आणि घरोघर जाऊन चहा प्यायला सुरुवात केली. इतका चहा प्याली की रात्री झोप नाही. पण तिसऱ्या कपाला लोक खरं बोलतात, हे तिच्या लक्षात आलं. मग तिनं पाण्याच्या पाळ्या ठरवल्या, कचेरीच्या भिंतीवर लावल्या, वरच्या आळीला आणि खालच्या आळीला समोरासमोर बसवून मान्य करून घेतल्या. आठ दिवस झाले, फावडं फक्त मातीत चालतंय. लोक म्हणतात, मामबेताली, नात हुशार आहे. मी म्हणतो, पाणी वरून खाली वाहतं, त्यात हुशारी कसली? (मनात बरं वाटतं. पण तोंडावर दाखवलं की दृष्ट लागते.)

मग प्राध्यापक यायचा दिवस ठरला, आणि इथून माझ्या छातीतल्या धडधडीचा खरा इतिहास सुरू होतो.

तुम्ही मला सांगा, जुमादिल. राजधानीहून माणूस घाट ओलांडून येतोय. तुमच्या नातीचं आयुष्य त्याच्या हातात आहे. तुम्ही काय कराल? मेंढा कापाल. मीही कापला. जरा बरा बघूनच कापला. पोरगी त्या वेळी कचेरीत होती, ती घरी येईपर्यंत पातेलं उकळत होतं. तिनं झाकण उचललं आणि तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आत मेंढ्याऐवजी कुणी नातेवाईक आहे.

"आजोबा, हे काय केलंत?"

"काय केलं? पाहुणा येतोय."

"ते पाहुणे नाहीत, परीक्षक आहेत. त्यांना घरचं काही खायला घालायचं नसतं. मी माझा अख्खा प्रबंध यावरच लिहिलाय!"

"कशावर? जेवणावर?"

"सरकारी माणसानं भेट घेऊ नये यावर!"

म्हातारी मध्ये पडली. म्हणाली, "अगं, ही भेट कुठं आहे? हे मटण आहे." आयुष्यात पहिल्यांदाच म्हातारी माझ्या बाजूनं बोलली, आणि तेही वाया गेलं.

प्राध्यापक आले. नाव तिलेक सापारोविच. मला वाटलं होतं कुणी पोट सुटलेला, भारदस्त माणूस असेल. हा एक काडीपैलवान, पायात पातळ तळव्यांचे बूट, हातात पिशवी, आणि वय इतकं कोवळं की त्याला बापाचं नाव जोडून हाक मारताना मलाच लाज वाटत होती. कचेरीत पाळ्या पाहिल्या, कालव्यावर गेला, दोन्ही आळ्यांतल्या लोकांशी बोलला, मान हलवत होता. सगळं सुरळीत. मग मी पुढं झालो आणि घरी चला म्हटलं. तो म्हणाला, चहा घेईन. तुम्हाला माहीत आहे, आपल्याकडे चहा घेईन म्हणणारा माणूस जेवायला तयार असतो, फक्त लाजत असतो. मी तसंच धरलं.

घरात पांढऱ्या दाढीची सगळी मंडळी जमली होती. त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, हातावर पाणी घातलं, आणि मी स्वतः परातीत मुंडकं घेऊन आलो आणि त्याच्यासमोर ठेवलं. नाक त्याच्याकडे करून, रीतसर.

तो मुंडक्याकडे बघत राहिला. मुंडकं त्याच्याकडे.

मग म्हणाला, "मामबेताली काका, रागावू नका. परीक्षा देणाऱ्या मुलीच्या घरून मला काही घेता येत नाही."

व्याहीबुवा, ऐकलंत? मुंडकं नाकारलं! आपल्या सात पिढ्यांत कुणी मुंडकं नाकारलंय? मी म्हटलं, बाबा, ही भेट नाही, हे डोकं आहे. तो म्हणाला, किमतीची वस्तू आहे. मी म्हटलं, मग तुझं ते सरकार काय दगड खाऊन चालतं? तेव्हा आमचा असिलकुल, ज्याला कुणी विचारलं नसताना आयुष्यात कधी गप्प राहता आलेलं नाही, दाढी कुरवाळत म्हणाला, "असं करा. मेंढा मामबेतालीचा नव्हे, सगळ्या गावाचा समजा." त्यावर तो काडीपैलवान शांतपणे म्हणाला, "काका, हिचं काम गावातच होतं. म्हणजे सगळं गावच हितसंबंधी आहे." हितसंबंधी! जणू आम्ही घोडेचोर!

आणि मग आमची बेगिमाय, जिला मी खांद्यावर बसवून कुरणात नेलं, ती सगळ्यांसमोर उभी राहून म्हणते, "आजोबा, सर बरोबर सांगताहेत." मी तिच्याकडे पाहिलं. तिची मान खाली नव्हती. हेच शिकवतात वाटतं चौकोनांत, आजोबाला चारचौघांत खाली बघायला लावायचं.

प्राध्यापक उठला, क्षमा मागितली, बाहेर जाऊन आपल्या गाडीत बसला आणि पिशवीतून पाव आणि उकडलेली अंडी काढून खाऊ लागला. आमच्या दारात! आत एक अख्खा मेंढा आणि बाहेर पाहुणा अंडं सोलतोय! येणारे जाणारे थांबून बघत होते. वरून दुसरं संकट असं की पाहुण्यानं मुंडक्याला सुरी लावल्याशिवाय कुणी घास उचलायचा नसतो. सगळी मंडळी परातीभोवती बसलेली, कुणाला मांडीचं हाड, कुणाला पुठ्ठ्याचं, सगळं वयामानानं मांडलेलं. (खरं लोकप्रशासन हे! एक मेंढा अख्ख्या गावात वाटतो आणि तक्रार नाही. म्हणजे तक्रार होते, पण ती आपापल्या घरी जाऊन होते.) आणि हात कुणाला लावता येईना. चरबी थिजायला लागली. असिलकुल मांडीच्या हाडाकडे असा बघत होता की जणू त्याची मुलगी सासरी निघाली आहे. कुणी उठेना, कुणी खाईना. मी मनात म्हटलं, मामबेताली, आता मेलास तरी चालेल, निदान लोक उठतील.

तेवढ्यात पोरगी बाहेर गेली. खिडकीतून मी पाहिलं, गाडीच्या काचेशी वाकून बोलत होती. तो डोकं हलवत होता, नाही, नाही. मग थांबला. मग हसला. अंडं पिशवीत ठेवून आत आला. मुंडक्यासमोर बसला, सुरी घेतली, एक कान कापला आणि शेजारच्या चिमुरडीला बोलावून तिच्या हातात दिला. रीत तीच आहे ना, पाहुण्यानं पहिला कान लेकराला द्यायचा! स्वतः तोंडात काही घातलं नाही. घेणं नियमात बसत नाही, देणं बसतं. हे पोरीनं शोधून काढलं. पंगत सुटली, असिलकुल मांडीवर तुटून पडला, आणि प्राध्यापक नुसता रिकामा चहा पीत आमच्यात बसला, चांगला तासभर. पोरांची चौकशी केली, माझ्या पाठीचीही केली. निघताना बेगिमायला म्हणाला, "शिक्का उद्या पाठवतो. आज मी जे पाहिलं ते पुस्तकात नाही."

सगळे म्हणाले, काय डोकं आहे पोरीचं! मी म्हटलं, त्यात काय मोठं, मलाही सुचलं असतं, जरा उसंत मिळाली असती तर.

इथं पत्र संपलं असतं तर मी सुखानं झोपलो असतो.

पण व्याहीबुवा, माझ्या जागी स्वतःला ठेवा. माणूस घाट ओलांडून जाणार. पंगतीतला आपला वाटा पिशवीत घालून नेल्याशिवाय आपल्या घरून शत्रूसुद्धा परत गेलेला नाही. आणि हा तर शिक्का देतो म्हणालेला माणूस, उपाशी! तो निरोप घेत असताना मी म्हातारीला खूण केली. तिनं मुंडकं जाड कापडात बांधलं, वर दोन फासळ्या, आणि मी ते गाडीच्या मागच्या डिकीत, स्टेपनीशेजारी ठेवून दिलं. हळूच. कुणाला न दाखवता. आता सांगा, जे त्यानं पाहिलंच नाही ते त्यानं घेतलं कसं? माझा हिशेब असा होता. घरी जाऊन त्याची आई डिकी उघडेल, म्हणेल, किती चांगली माणसं आहेत!

डिकी त्याच्या आईनं उघडली नाही. दुसऱ्या दिवशी, पोरगी शिकते त्या अकादमीच्या पटांगणात, भेटी न घेण्याविषयीच्या व्याख्यानाला जाण्याआधी, स्वतः त्यानं उघडली, पुस्तकं काढायला. शेजारी त्याचे विद्यार्थी उभे होते. कापड घाटातल्या वळणांवर सुटलं होतं. आतून एका कानाचं मुंडकं त्यांच्याकडे बघत होतं.

तिथं म्हणे भेटींची एक समिती असते. ज्याला भेट आली त्यानं ती समितीकडे जमा करायची. समिती बसली. नोंद झाली: मेंढ्याच्या फासळ्या, दोन; शिजवलेलं मुंडकं, एक, डावा कान नाही. कान कुठं गेला याची चौकशी झाली! शिकलेली माणसं, गळ्यात टाय, आणि चौकशी कानाची! मग ते ठेवायचं कुठं, याचा नियम सापडेना, म्हणून कार्यालयाच्या फ्रिजमध्ये कुणाच्या तरी दह्याशेजारी ठेवलंय, निर्णय होईपर्यंत. हे लोक देश चालवणार आहेत.

आणि शिक्का थांबला. गावात आजोबा आहे आणि आजोबाला आवरता येत नाही, असं त्याच शब्दांत नाही, पण तसंच पत्र आलं. बेगिमायनं दुसऱ्या गावात जाऊन काम पहिल्यापासून करायचं, स्पर्धेच्या आत. पोरीनं पत्र वाचलं आणि घडी घातली. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती अंगणात गेली आणि माझ्या गाईला पाणी पाजत बसली. गाईला तहान नव्हती.

तिच्या शिक्षणाविषयी माझं मत तुम्ही विचाराल तर ते बदललेलं नाही. ज्या विद्येत पाहुण्याला उपाशी पाठवणं म्हणजे सचोटी, ती विद्या मेंढपाळालाही शिकवू नये.

विहीणबाईंना सलाम, लेकरांना पापे.

तुमचा,
मामबेताली

ता. क. मुख्य गोष्ट राहिली. दुसऱ्या गावांच्या यादीत तुमचंही गाव आहे. तुमचं आडनाव वेगळं, पोरीचं वेगळं, राजधानीत कुणाला कळणार? मी तिला तेच गाव घे म्हणून सुचवलंय, कारण सांगितलं नाही. तर हात जोडून विनंती: ती आली की तिला ओळखायचं नाही. अंगणात दिसली तर "कुणाची गं तू?" असं विचारायचं. विहीणबाईंनी गळ्यात पडायचं नाही, रडायचं तर गोठ्यात जाऊन रडायचं. आणि मेंढा कापायचा नाही. चहा आणि पाव, बस.

ता. क. दुसरा. रात्रभर विचार केला. प्राध्यापक तुमच्या दारी येणार आणि नुसता चहा? लोक काय म्हणतील? लहानसा कापा. कुणी विचारलं तर शेजाऱ्याच्या पोराची सुंता आहे असं सांगा, पाहुणे योगायोगानं आले. मुंडकं दुसऱ्या कुणाला द्या. डिकीच्या जवळपास फिरकू नका.

ता. क. तिसरा. वरचं सगळं खोडा. पाकीट चिकटवताना पोरगी आत आली आणि म्हणाली, आजोबा, एवढं लांबलचक कुणाला लिहिताय? मी म्हटलं, तलासला. ती म्हणाली, त्या गावात माझ्या आईचे वडील राहतात, असं मी सरांना कालच सांगून टाकलंय, ते गाव यादीतून काढलं. स्वतः सांगितलं! कुणी विचारलंही नव्हतं! आता ती पार बातकेनच्या पलीकडे, डोंगरातल्या कुठल्याशा गावी जाते आहे, मुद्दाम, जिथं आपलं कुणीही नाही. सोमवारी निघेल. जाताना माझ्या पाठीला मलम लावून देते म्हणाली, म्हणजे राग उतरला असावा.

तर जुमादिल, विचार करा. तुमच्या आईच्या माहेरचे कुणी त्या बाजूला गेले होते ना? सैन्यातला कुणी मित्र? कुणाची सून? शिक्क्यासाठी नाही विचारत मी, शपथेवर सांगतो, शिक्का ती आणील. पण ती कामाला लागली की जेवायचं विसरते, आणि तिथं थंडी लवकर पडते. एखादं घर शोधा, जिथून संध्याकाळी कुणी हाक मारील, "ये गं पोरी, चहा घे." ती कोण, कुणाची, हे त्यांना सांगू नका. त्यांनीही विचारू नये. नुसता चहा. फार तर त्यात थोडं लोणी.